चांदबीच्या माडीवर चार दिवस

सोनाबाई सोलापूरला आजवर सहा वेळा गेली होती. तीनदा दवाखान्यात, दोनदा लग्नाच्या बस्त्याला आणि एकदा सासूला चष्मा करायला. सहाही वेळा काम उरकलं की मोहोळची एसटी धरून दिवस मावळायच्या आत परत. शहर म्हणजे तिच्या लेखी रांगा, पिशव्या आणि धावपळ.

धाकटीचं लग्न झालं आणि घर एकदम रिकामं पडलं. दुष्काळ सरून तीन वर्षं झाली होती, यंदा ज्वारी चांगली आली होती, सुगी उरकली होती. दोन म्हशींचं बघायला शेजारी जाऊ होती, बजाबाई. एका सकाळी सोनाबाई नवऱ्याला म्हणाली, "अवो, एकदा सोलापूरला जाऊन चार दिवस राहू. काम न्हाय, दवाखाना न्हाय. नुसतं राहू."

जोतीराम तंबाखू मळत होता. "नुसतं म्हंजी?"

"नुसतं म्हंजी नुसतं. हिंडू, किल्ल्याची बाग बगू. खानावळीत जेवू. एकदा तरी मी बसलेली आन् दुसऱ्यानं वाढलेलं."

जोतीराम "बगू" म्हणाला आणि रानात गेला. त्याचं "बगू" म्हणजे बहुतेक वेळा "नाही" असायचं, म्हणून तिनं विषय सोडून दिला. पण आठ दिवसांनी तो बाजारातून आला तो हसतच. मोहोळच्या आडतीवरून धान्य नेणाऱ्या ट्रकवर नबीलाल नावाचा ड्रायव्हर होता. त्याची आई चांदबी नव्या पेठेच्या मागं एका गल्लीत राहायची आणि माडीवरच्या दोन खोल्या बाहेरगावच्या कुटुंबांना दिवसाच्या बोलीवर द्यायची. जोतीरामनं त्यातली एक चार दिवसांसाठी ठरवून टाकली होती.

"लॉजसारखी न्हाय," तो म्हणाला. "खाट, गादी, मोरी, सगळं हाय. आपल्या बिऱ्हाडागत."

सोनाबाईला इतका आनंद झाला की तिनं ट्रंकेतली इरकल काढून दोन दिवस आधीच उन्हात घातली. निघताना जोतीरामनं स्वतःच्या हातानं एक पोतं बांधून घेतलं. तिला वाटलं, नबीलालच्या घरी रानातलं काही द्यायचं असेल. तिनं विचारलं नाही.

स्टँडवरून टांग्यानं ते गल्लीच्या तोंडाशी उतरले. चांदबी दारातच उभी होती. साठीची, काटकुळी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि आवाज असा की गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जावा.

"दोघंच ना? नबी दोघंच बोलला," ती म्हणाली. "पानी सकाळी सहाला येतं, अर्धा घंटा. नळ खाली हाय. जेवढं भराल तेवढं दिवसभर. वर कपडे धुवायचे नाहीत. स्टोव्हला पंप जास्त मारायचा नाही."

"स्टोव्ह?" सोनाबाईनं विचारलं.

वर गेल्यावर तिला कळलं. खोली चांगली होती. खिडकीतून समोरच्या घरांची कौलं आणि त्यापलीकडं गिरणीची चिमणी दिसत होती. पण कोपऱ्यात शहाबादी फरशीच्या ओट्यावर पितळी स्टोव्ह होता. शेजारी तवा, परात, दोन पातेली, चार ताटल्या.

"बग!" जोतीराम म्हणाला. "अगदी घरच्यागत." आणि त्यानं पोत्याचं तोंड सोडलं. आत ज्वारीचं पीठ होतं, तूरडाळ होती, कांदे, लसूण, चटणी, मिठाची पुडीसुद्धा.

सोनाबाई पोत्याकडं बघत राहिली. "हे कशाला आनलं?"

"कशाला म्हंजी? खायाला. भाईरचं तेल मला बाधतं, तुला ठाव हाय की. दोन भाकरी टाक, लई भूक लागलीय."

बोलायचं इतकं एकदम मनात आलं की त्यातलं आधी काय सांगावं तेच तिला कळेना. तीस वर्षांची सवय. हात आपोआप परातीकडं गेले.

गावाकडं चूल होती. स्टोव्हला तिनं आजवर हात लावला नव्हता. तिनं पंप मारला, काडी ओढली, आणि भडका थेट तिच्या कपाळापर्यंत आला. मग काळा धूर. मग तो विझूनच गेला. वास खाली गेला असावा, कारण चांदबी धापा टाकत वर आली. तिनं पिन घेऊन बर्नर साफ केला, स्टोव्ह पेटवून दिला आणि म्हणाली, "भिंत काळी केलीस तर पुसून द्यावी लागंल, सांगून ठेवते."

भाकरीनं तर लाजच काढली. तवा पातळ, आच मधोमध एवढीशी. मधे करपली, कडा कच्च्या राहिल्या. एकही भाकरी फुगली नाही. गावात कुणाकडं कार्य असलं की भाकरीला सोनाबाईला बोलावणं यायचं, आणि इथं तिच्या हातची भाकरी चामड्यासारखी ताटात पडली होती.

"झ्याक झालीय," जोतीराम खाता खाता म्हणाला. ती खोटी तारीफ ऐकून तिला जास्तच संताप आला.

भांडी घासून होईतो ऊन कलतीला लागलं. जोतीराम खाटेवर पडला होता. "बाग उद्या बगू," तो डोळे मिटूनच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतीराम पान खायला म्हणून बाहेर गेला. तेवढ्यात तिनं वेणीफणी केली, इरकल नेसली आणि खिडकीशी बसून राहिली. नऊ वाजले, दहा वाजले. जिन्यावर पावलं वाजली ती दोघांची.

"कोन भेटलं बग," जोतीराम म्हणाला. मागं कुंडलिक होता, त्याचा चुलतभाऊ. जमिनीच्या उताऱ्यासाठी कचेरीत आला होता. "सकाळपासनं उपाशी हाय बिचारा. दोन भाकरी जादा टाक."

कुंडलिकनं चपला काढल्या आणि खाटेवर मांडी घातली. "वैनी, शेरात येऊन घरची भाकरी मिळायला नशीब लागतं."

सोनाबाईनं इरकल सोडून घडी घातली, कारण काजळी लागली असती. साधं लुगडं नेसून ती स्टोव्हपुढं बसली. कुंडलिकनं चार भाकरी खाल्ल्या, खाटेवर झोप काढली आणि चार वाजता उठून जाताना म्हणाला, "गावचा धोंडीराम बी आलाय की पान्याच्या इंजिनाच्या दुरुस्तीला. आन् त्याचा मेव्हना. त्यांना सांगतो, जोतीदादानं खोली घेतलीय म्हनून."

"सांग की," जोतीराम म्हणाला. आपली शहरात एक जागा आहे आणि तिथं गावची माणसं येतात, याचं त्याला फार सुख वाटत होतं.

दिवेलागणीला धोंडीराम आणि त्याचा मेव्हणा आले. इंजिन उद्या मिळणार होतं, त्यामुळं मुक्कामच होता. मागोमाग कुंडलिकही परत आला. साहेब भेटले नव्हते. चौघे पुरुष खोलीत बसले आणि पावसापाण्याच्या, सोसायटीच्या, बैलांच्या त्याच गप्पा सुरू झाल्या ज्या पारावर रोज व्हायच्या. सोनाबाईनं नवऱ्याला जिन्यात बोलावून घेतलं.

"आपली बाग?"

"आता पावनं आल्यात. बाग काय पळून जातीया?"

तो आत गेला आणि खालून चांदबी आली. दाराबाहेरच्या चपलांकडं तिनं बघितलं.

"दोघं बोलून पाच लोक? ही धर्मशाळा हाय का गं?"

"मी न्हाय बोलावलं," सोनाबाई म्हणाली.

"मग कुनी बोलावलं? रांधतीस तर तूच ना?"

चांदबी तोंडानं काहीबाही पुटपुटत खाली गेली. सोनाबाई तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली. आत कुणीतरी काही बोललं आणि चौघेही मोठ्यानं हसले. आपण न बोलावलेल्या पाहुण्यांवरून बोलणी तिनंच खायची आणि त्यांना वाढायचंही तिनंच.

तिसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला ती नळावर होती. दोन्ही हातांत कळशा घेऊन चार खेपा केल्या, वरचं पिंप काठोकाठ भरलं. मग खाली बसून रात्रीची भांडी घासली. वर आली तर पिंपात तळाशी जेमतेम कळशीभर पाणी. चौघांच्या आंघोळी झाल्या होत्या. धोंडीराम आरशात बघून भांग पाडत होता.

"वैनी, दुपारी पिठलं करा," तो म्हणाला. "इंजिन घिऊन साडेबाराला येतोच आमी."

"आन् कायतरी गोड कर," जोतीराम म्हणाला. "पावनं हायती."

ते गेले. सोनाबाई ओल्या फरशीवर उभी होती. धोंडीरामचा तिला राग नव्हता. त्याला काय, कुणीही वाढलं असतं तरी तो जेवला असता. राग नवऱ्याचा होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. आपण मागितलं ते नीट मागितलं नाही का? मी खानावळ म्हणाले होते, बाग म्हणाले होते. यापेक्षा साधं कसं सांगायचं असतं?

तिनं उरलेल्या पाण्यात आंघोळ केली. इरकल नेसली. पदराच्या गाठीत स्वतःचे, दूध घालून जमवलेले पैसे होते ते चाचपले. खोलीला कुलूप लावलं आणि खाली येऊन किल्ली चांदबीच्या हातात दिली.

"मालक आलं तर सांगा, सोलापूर बगायला गेलीया."

"अकेली?" चांदबीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रस्ता ठावा हाय?"

"न्हाय. इचारीन."

नव्या पेठेत अजून गर्दी व्हायची होती. दुकानदार फळ्या काढत होते, उंबऱ्यावर पाणी शिंपडत होते. एका कापडदुकानातून "या मावशी, बसायला काय पैसे पडतात?" अशी हाक आली आणि ती खरोखरच जाऊन गादीवर बसली. माणसानं भराभर लुगडी उलगडली. जांभळं, हिरवं, डाळिंबी. कुणाचं लग्न नव्हतं, कुणाला मानपान द्यायचा नव्हता. तिनं सगळी डोळे भरून बघितली आणि "छान हायती" म्हणून उठली. माणूस मागून चिडून काही बोलला. बोलू दे म्हणाली ती मनात.

हिंडून हिंडून भूक लागली. एका बोळात फोडणीचा वास आला, दाराशी पितळी तपेलं दिसलं. आत कपाळाला विभूती लावलेली एक जाडजूड बाई वाढत होती. अक्कलकोटकडची होती, निंगव्वा नावाची. जेवणारी माणसं तिला त्याच नावानं हाका मारत होती.

"बर्री, बर्री, आत या," ती सोनाबाईला म्हणाली. "बायकांना ह्या पडद्यामागं जागा हाय."

पडद्यामागं एक बाक होता, एक मेज होतं आणि वर पंखा फिरत होता. सोनाबाई बसली. ताट आलं. कडक भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी, आमटी, भात. तिनं घास घेतला. आमटीत मीठ कमी होतं. वांग्यात तेल नको इतकं होतं. तिच्या हातची यापेक्षा दहापट चांगली झाली असती, हे तिला पहिल्याच घासाला कळलं. तरी ती जेवत राहिली, सावकाश. आमटी संपली तर निंगव्वा वाटी घेऊन आली. सोनाबाईला उठावं लागलं नाही.

"आणखी अर्धी वाढू?"

पोट भरलं होतं. तरी सोनाबाई "वाढा" म्हणाली. असं तिला कुणी शेवटचं कधी विचारलं होतं, ते आठवेना.

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले आणि तिनं हातातला घास परत ताटात ठेवला. आता ते जिना चढत असतील. कुलूप बघतील. दारावर आलेला पाहुणा उपाशी परत पाठवायचा, हे तिच्या माहेरी-सासरी कुणी केलं नव्हतं. ती हात धुऊन, पैसे चुकते करून बाहेर पडली आणि चांदबीच्या गल्लीकडं चालायलाच लागली. अर्ध्या वाटेत थांबली. परत गेली तर पीठ मळावं लागणार, तीन पाहुणे, नवरा, आणि दिवस संपणार. ती वळली आणि एका म्हाताऱ्याला किल्ल्याच्या बागेचा रस्ता विचारला.

बागेचं फाटक बंद होतं.

"चार वाजता उघडतं," राखणदार म्हणाला.

"मी लांबनं आलीया."

"दिल्लीसनं आला तरी चारलाच उघडतं."

ती किल्ल्यालगतच्या तळ्याच्या काठी पायऱ्यांवर एका झाडाच्या तुकडाभर सावलीत बसली. शेजारी दोन विणकर बायका आपसांत तेलुगूत बोलत होत्या. त्यांनी तिला पाणी दिलं आणि मोडक्या मराठीत विचारलं, घरची माणसं कुठं आहेत? "हायती," ती म्हणाली. ऊन सरकत होतं तशी ती सावलीबरोबर सरकत होती. तीन तास. निघाल्यापासून बागेसाठी थांबणंच नशिबी आलं होतं.

चारला फाटक उघडलं. बाग म्हणजे पिवळं पडलेलं गवत, झेंडूचे चार वाफे आणि एक कोरडं कारंजं. तिनं सगळ्या बाजूंनी एक फेरी मारली. तिसऱ्या दिवशी, भांडण ओढवून, तीन तास उन्हात बसून बघितलं ते हे. तिला रडू यायला हवं होतं, पण हसूच आलं. मग ती एका बाकावर बसली आणि फाटक बंद व्हायची घंटा होईपर्यंत उठली नाही.

परत आली तेव्हा गल्लीतले दिवे लागत होते. चांदबी उंबऱ्यात बसली होती.

"आले होते सगळे," ती म्हणाली. "चावी मागितली. मी बोलले, जिनं दिली तिलाच देईन. घंटाभर दारात उभे राहून ते तिघं निघून गेले. तुझा मरद मात्र सगळ्या पेठंत तुला हुडकून आला. आता बसलाय जिन्यावर. दुपारपासून पोटात काय नाही. मी चहा दिला तर नको बोलला."

जोतीराम जिन्याच्या मधल्या पायरीवर बसला होता. तिला बघून तो उठला आणि त्याचा आवाज फाटला. "कुटं मेली हुतीस? मला वाटलं, गाडीखाली आली का काय झालं! आन् पावनं दारातनं उपाशी गेलं. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस!"

"मी पावनी हुते," सोनाबाई म्हणाली.

"काय?"

"हितं आपून दोघं पावनं म्हनून आलो हुतो. मी बी पावनी हुते. तुमी मला चूल बदलून दिली आन् म्हनाला, घरच्यागत. घरच्यागतच पायजे हुतं तर घर काय वाईट हुतं? तितं निदान भाकरी फुगती."

"अगं, पन तेल…"

"तेल बाधत न्हाय तुमाला. धाकटीच्या लग्नात पाच पंक्ती उठूस्तवर जिलबी खाल्ली. खरं सांगा. खानावळीला का न्हाय नेलं?"

जोतीराम पुन्हा पायरीवर बसला. मग खालच्या आवाजात बोलला. दहा-बारा वर्षांपूर्वी तो एकटाच याच शहरात एका हॉटेलात गेला होता. उन्हाळा होता, आत एका पडद्यामागं पंखा दिसला म्हणून तो तिथं जाऊन बसला. ती जागा बायामाणसं बरोबर असणाऱ्यांची आहे, हे त्याला कुठलं ठाऊक? पाटी होती, पण त्याला ती धड वाचता आली नाही. पोऱ्यानं मालकाला बोलावलं. मालकानं त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीला धरून त्याला बाहेर काढलं, भरल्या हॉटेलात. सगळे हसले.

"तवापास्नं पायरी चढलो न्हाय," तो म्हणाला. "तुज्यासमोर पुन्यांदा तसं झालं असतं तर?"

सोनाबाईचा राग होता तेवढाच होता. पण त्याच्याकडं बघवतही नव्हतं.

"मग मला सांगायचं हुतं," ती म्हणाली. "तीस वर्सं झाली. एवढं सांगता येत न्हाय? मी आज एकलीच गेले. तसल्याच पडद्यामागं बसले. कुनी काय म्हनलं न्हाय."

चांदबीनं खालून हाक मारली आणि आपल्या चुलीवरची खिचडी दोन ताटल्यांत वर पाठवायची आहे, तेव्हा येऊन घेऊन जा, असं बजावलं. जोतीराम स्वतः खाली जाऊन ताटल्या घेऊन आला.

चौथ्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. त्याआधी सोनाबाई त्याला निंगव्वाच्या खानावळीत घेऊन गेली. पडद्याशी तो अडला. तिनं मनगट धरून त्याला आत घेतलं. तो बाकाच्या टोकावर अंग चोरून बसला. तीन घास झाल्यावर कुजबुजला, "आमटीत मीठ न्हाय."

"मग मागा की."

त्याला मागवेना. शेवटी तिनंच निंगव्वाला हाक मारली. तो घाईघाईनं जेवला, घामाघूम झाला आणि बाहेर पडल्यावर त्यानं मोठा श्वास सोडला. तिला वाटलं होतं त्याला आवडेल. त्याला आवडलं नव्हतं, एवढं तिला दिसलं. निदान तो आला होता.

गावात ती पोचायच्या आधी गोष्ट पोचली होती. सोनाबाईनं पाहुण्यांच्या तोंडावर कुलूप घातलं आणि शहरात एकटी हिंडायला गेली, असं कुंडलिक सांगत सुटला. विहिरीवर बायका तिला बघून गप्प व्हायच्या. एका बारशाला भाकरीचं बोलावणं आलं नाही. ती कुणाकुणाला सांगणार, पाणी किती होतं, खेपा किती केल्या, बाग केव्हा उघडते? आणि नवरा सगळं ऐकून मुकाट बसायचा, याचाच तिला सगळ्यात जास्त वैताग यायचा. जिन्यावरची त्याची गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितली नाही.

श्रावणातल्या एका संध्याकाळी बजाबाई म्हशीची धार काढायच्या वेळेला गोठ्यात आली. पारावरून ऐकून आली होती. कुंडलिकनं आज पुन्हा तीच थट्टा केली होती, जोतीरामसमोर. आणि जोतीराम म्हणाला होता, "व्हय, घातलं कुलूप. तुमाला बोलावलं मी. तिला कुनी इचारलं हुतं का? ती तितं चार दिस बसून खायाला आली हुती. मी तिला खाऊ दिलं न्हाय, आन् तुमी पन न्हाय."

"आसं म्हनले दाजी, सगळ्यांसमोर," बजाबाई म्हणाली.

सोनाबाईनं कासेला पाणी मारलं. "एवढं बोलायला त्यांना चार म्हैने लागले," ती म्हणाली आणि चरवी गुडघ्यांत धरून धार काढायला बसली.